विश्लेषण : सरासरी काढताना संगणक कुठे चुकतो? मेमरी आणि अचूकतेचा पेच काय आहे?

कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९८३ रोजी ५२४.८११ अंकांवर बंद झाला. शनिवार-रविवारची सुट्टी उलटून सोमवारी बाजार उघडला तेव्हा तोच निर्देशांक १०९८.८९२ होता. दोन दिवसांत बाजारात कोणतीही तेजी आली नव्हती. फक्त निर्देशांक मोजणाऱ्या प्रोग्रॅममधील चूक दुरुस्त झाली होती. जवळपास २२ महिने गुंतवणूकदार पडता बाजार पाहत होते, प्रत्यक्षात बाजार वर गेलेला होता.

चार दशकांनंतरही ही चूक नामशेष झालेली नाही. सरासरी, प्रमाण विचलन, मध्यक ही शाळेत शिकलेली गणिते संगणक लाखो वेळा करतो, तेव्हा सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकू शकते. आकडे अब्जावधी झाले की ‘अचूक उत्तर हवे की मेमरी वाचवायची?’ हा दुसरा प्रश्न उभा राहतो. हा पेच नेमका काय आहे आणि त्यावर कोणते उपाय आहेत, याविषयी…

व्हँकुव्हरमध्ये नेमके काय घडले?

हा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० अंकांवर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जाई आणि हे दिवसाला सुमारे २,८०० वेळा होत असे. दर वेळी दशांश चिन्हानंतरचे तीन अंक ठेवून पुढचे सरळ कापून टाकले जात. म्हणजे ५४०.३२५९ आले तर ५४०.३२६ न धरता ५४०.३२५ धरायचे आणि पुढची मोजणी त्यावर करायची.

एका वेळी सरासरी ०.०००५ इतकाच अंश गळत होता. पण दिवसाला २,८०० वेळा म्हणजे सुमारे १.४ अंक आणि महिन्याला २० दिवस व्यवहार धरले तर २८ अंक. २२ महिन्यांत निम्म्याहून जास्त निर्देशांक असा गळून गेला. आकडे कापण्याऐवजी जवळच्या अंकाला पूर्ण केले असते तर काही चुका वर, काही खाली गेल्या असत्या आणि बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देऊन संपल्या असत्या. इथे प्रत्येक चूक खालच्याच दिशेने जात होती.

संगणकाला ०.१ ही संख्या का जमत नाही?

आपण एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलो तर ०.३३३३… असे कितीही लिहिले तरी संपत नाही. संगणक शून्य आणि एक अशा द्विमान पद्धतीत संख्या ठेवतो. त्या पद्धतीत ०.१ चीही हीच गत होते. त्यामुळे संगणक ०.१ च्या सर्वांत जवळची, त्याला लिहिता येणारी संख्या साठवतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते, ते याचमुळे.

अशा संख्या साठवण्याचे दोन प्रकार सर्वाधिक वापरात आहेत. ३२ बिटचा प्रकार चार बाइट जागा घेतो आणि साधारण सात अंकांपर्यंत अचूक असतो. ६४ बिटचा प्रकार आठ बाइट घेतो आणि १५ ते १६ अंकांपर्यंत अचूक असतो. या दोन्हींचे नियम १९८५ मधील ‘आयट्रिपलई ७५४’ या मानकाने ठरवून दिले. त्यात मोलाचा वाटा असलेले गणितज्ञ विल्यम काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

०.१ च्या या त्रुटीची किंमत जिवानेही मोजावी लागली आहे. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला इराकचे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक ठार झाले. ही यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती आणि ०.१ ही संख्या २४ बिटमध्ये कापून ठेवलेली होती. सुमारे १०० तास यंत्रणा सलग सुरू राहिल्याने घड्याळात साधारण ०.३४ सेकंदांचा फरक पडला होता. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

बेरीज मोठी झाली की काय बिघडते?

सरासरी काढायची तर आधी बेरीज लागते. बेरीज वाढत जाते तसा साठवलेल्या संख्येतील शेवटचा अंक ‘जाडा’ होत जातो. किराणा दुकानातील तराजू ग्रॅमचा फरक दाखवतो, पण ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर एक लिंबू टाकले तर काटा हलत नाही, तसाच हा प्रकार.

३२ बिटच्या प्रकारात बेरीज १,६७,७७,२१६ वर पोहोचली की त्यात १ मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ च राहते. म्हणजे एखादा प्रोग्रॅम या पद्धतीने एकेक मोजत असेल तर मोजणी इथे थांबते. प्रोग्रॅम बंद पडत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही.

पायथनमध्ये आकडेमोडीसाठी ‘नमपाय’ ही लायब्ररी सर्रास वापरली जाते. तिच्याच माहितीपुस्तिकेत एक उदाहरण दिलेले आहे. २,६२,१४४ वेळा १ आणि तितक्याच वेळा ०.१ असे आकडे घेतले, तर सरासरी ०.५५ यायला हवी. ३२ बिटच्या साध्या बेरजेने ती ०.५४६८७५ येते. कारण बेरीज २,६२,१४४ वर गेल्यावर त्या टप्प्यात संख्येची सर्वांत लहान पायरी ०.०३१२५ इतकी असते. ०.१ ला या पायरीत बसवायचे तर तीन पायऱ्या, म्हणजे ०.०९३७५ मिळतात. पुढचा प्रत्येक ०.१ हा ०.०९३७५ म्हणूनच मिळवला जातो आणि प्रत्येक वेळी सहा टक्क्यांहून अधिक रक्कम गळते.

बेरजेतील गळती कशी थांबवतात?

तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, साठवण ३२ बिटमध्येच ठेवायची, पण बेरजेचा खाते-आकडा ६४ बिटचा घ्यायचा. त्यासाठी मेमरी जवळपास वाढत नाही, कारण फक्त एकच संख्या मोठी ठेवावी लागते. नमपायच्या वरील उदाहरणात असे केल्यावर उत्तर ०.५५ च्या अगदी जवळ, नऊ अंकांपर्यंत बरोबर येते.

दुसरा मार्ग जोड्या लावण्याचा. हजार आकडे एकामागून एक न मिळवता दोन-दोनच्या जोड्या, मग त्या बेरजांच्या जोड्या, असे वर जायचे. कबड्डी स्पर्धेत बाद फेरी, उपांत्य फेरी, अंतिम फेरी असते, तशी ही रचना. यात मिळवल्या जाणाऱ्या दोन्ही संख्या साधारण एकाच आकाराच्या राहतात, त्यामुळे लहान संख्या मोठीत बुडत नाही. नमपायने २०१४ मध्ये १.९ आवृत्तीपासून ही पद्धत स्वीकारली. त्यानंतर तेच उदाहरण ३२ बिटमध्येही ०.५४९९९९२४ च्या आसपास उत्तर देऊ लागले.

तिसरा मार्ग काहान यांनी १९६५ मध्ये मांडला. सुट्टे नसले की एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो आणि ती नंतर चुकती करतो. काहान यांच्या पद्धतीत बेरजेबरोबर अशीच एक ‘बाकी’ ठेवली जाते. प्रत्येक वेळी जो अंश गळाला तो बाकीत लिहायचा आणि पुढच्या आकड्यात मिळवायचा. जादा मेमरी लागते ती एका संख्येची, जादा वेळ लागतो तो प्रत्येक आकड्यामागे आणखी तीन बेरजा-वजाबाक्यांचा.

व्हेरियन्सचे पाठ्यपुस्तकातील सूत्र धोक्याचे का?

आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत, हे व्हेरियन्स सांगतो आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. औषधाच्या चाचणीपासून म्युच्युअल फंडाच्या जोखमीपर्यंत सगळीकडे ते लागते. अकरावी-बारावीला आणि अभियांत्रिकीला त्याचे एक सोपे सूत्र शिकवले जाते : सर्व आकड्यांच्या वर्गांची बेरीज घ्या, त्यातून बेरजेचा वर्ग भागिले संख्या वजा करा आणि आलेल्या उत्तराला संख्या वजा एकने भागा. कागदावर हे सूत्र निर्दोष आहे. आकडे एकदाच वाचावे लागतात आणि दोनच बेरजा ठेवाव्या लागतात, म्हणून कॅल्क्युलेटर आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते लोकप्रिय होते.

संगणकावर मात्र इथेच घात होतो. उदाहरणार्थ ४, ७, १३, १६ हे चार आकडे. सरासरी १०, नमुन्याचा व्हेरियन्स ३०. आता प्रत्येक आकड्यात १०० कोटी मिळवा. सगळे आकडे सारखेच सरकले, पसारा तोच राहिला, म्हणून उत्तर ३० च यायला हवे. पण वरच्या सूत्राने ६४ बिटमध्ये उत्तर येते उणे १७०.६७. व्हेरियन्स हा वर्गांपासून बनतो, तो उणे असूच शकत नाही. त्याचे वर्गमूळ काढायला गेले की संगणक ‘ही संख्याच नाही’ असा शेरा देतो.

कारण सोपे आहे. १०० कोटींचा वर्ग म्हणजे एकावर १८ शून्ये. अशा चार वर्गांच्या बेरजेत ६४ बिटची सर्वांत लहान पायरी ५१२ इतकी असते. दोन प्रचंड आणि जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी करून त्यातून ९० हे उत्तर काढायचे आहे. हातात पट्टी आहे ती ५१२ च्या खुणांची. मग उत्तर ० येईल, ५१२ येईल किंवा उणे ५१२ येईल. उणे ५१२ ला तीनने भागले की उणे १७०.६७.

हे उदाहरण कृत्रिम वाटेल, पण १०० कोटींच्या घरातील आकडे प्रत्येक फोनमध्ये आहेत. अनेक प्रणाली वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा आज १७० कोटींच्या पुढे आहे. चार नोंदींच्या वेळांतील फरक काही सेकंदांचा असेल आणि प्रोग्रॅमरने थेट त्या वेळांचा व्हेरियन्स काढला, तर हाच अपघात घडतो.

नामांकित सॉफ्टवेअरही यात अडकले का?

होय. मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील प्रमाण विचलनाचे फंक्शन अनेक वर्षे याच एकफेरी सूत्रावर चालत होते. संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यावर टीका केली आणि एक्सेल २००३ पासून कंपनीने पद्धत बदलली. पोस्टग्रेस हा डेटाबेस जगभर वापरला जातो. त्यातही २०१९ मधील १२ व्या आवृत्तीत व्हेरियन्ससारख्या फंक्शनसाठी अधिक अचूक पद्धत आणली गेली.

अशा चुका पकडण्यासाठी अमेरिकेच्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेने संदर्भ आकडेसंच तयार केले आहेत. त्यांची उत्तरे १५ अंकांपर्यंत प्रमाणित आहेत. त्यातील एका संचात तीनच आकडे आहेत : १,००,००,००१, १,००,००,००३ आणि १,००,००,००२. सरासरी १,००,००,००२ आणि प्रमाण विचलन बरोबर १. पाचवीतला मुलगा तोंडी सांगेल. पण ३२ बिटमध्ये जुने सूत्र वापरले तर वर्गांच्या बेरजेची पायरी ३ कोटी ३५ लाखांहून मोठी होते. दोन बेरजांतील फरक यायला हवा फक्त २, त्यामुळे उत्तर एक तर शून्य येते किंवा कोटींत चुकते.

मग दोन वेळा वाचले तर?

सरळ उपाय तोच आहे. पहिल्या फेरीत सरासरी काढायची, दुसऱ्या फेरीत प्रत्येक आकड्यातून ती वजा करून फरकांचे वर्ग मिळवायचे. फरक लहान असतात, म्हणून वर्गही लहान राहतात. १०० कोटींच्या उदाहरणात उत्तर अचूक ३० येते.

अडचण येते ती मेमरीची. नमपायचे व्हेरियन्स फंक्शन हीच दोन फेऱ्यांची पद्धत वापरते, पण वजाबाकी करताना सगळे फरक ठेवण्यासाठी तात्पुरती नवी यादी तयार करते. ३२ बिटचे १०० कोटी आकडे म्हणजे चार जीबी. फरकांची यादी आणखी चार जीबी. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे गणित तिथेच अडकते.

आकडे पूर्णांक असतील तर धक्का आणखी मोठा बसतो. छायाचित्रातील किंवा सेन्सरमधील एका बाइटचे १०० कोटी पूर्णांक फक्त एक जीबी घेतात. पण त्यांची सरासरी ६४ बिटची असते, त्यामुळे फरकांची यादीही ६४ बिटची, म्हणजे आठ जीबी होते. एक जीबीची फाइल उघडली आणि प्रमाण विचलन काढताना संगणक गोठला, यामागे अनेकदा हे कारण असते. उपाय म्हणजे फाइल तुकड्यांत वाचणे. पण तुकड्यांची उत्तरे एकत्र कशी करायची, हे माहीत हवे.

दुसरी अडचण म्हणजे अनेक ठिकाणी दुसऱ्यांदा वाचताच येत नाही. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, विजेचे स्मार्ट मीटर, शेअर बाजारातील सौद्यांचा प्रवाह यांत आकडा आला आणि गेला. तो साठवून ठेवायला जागा नसते.

वेलफर्ड यांची पद्धत काय आहे?

बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात दोन पानांची एक टिपण लिहिली. आकडा एकदाच वाचायचा, साठवायचा नाही आणि तरी अचूकता टिकवायची, असा तो उपाय होता. डोनाल्ड क्नुथ यांच्या प्रोग्रॅमिंगवरील ग्रंथमालेमुळे तो सर्वत्र पोहोचला.

यात तीनच संख्या ठेवायच्या : आतापर्यंत किती आकडे आले, आतापर्यंतची सरासरी आणि आतापर्यंतच्या फरकांच्या वर्गांची बेरीज. नवा आकडा आला की जुन्या सरासरीपासूनचा फरक घ्यायचा, सरासरी थोडी सरकवायची, मग नव्या सरासरीपासूनचा फरक घ्यायचा. दोन्ही फरकांचा गुणाकार बेरजेत मिळवायचा.

४, ७, १३, १६ वर करून पाहू. ४ आला, सरासरी ४, बेरीज ०. ७ आला, जुना फरक ३, नवी सरासरी ५.५, नवा फरक १.५, गुणाकार ४.५. १३ आला, जुना फरक ७.५, नवी सरासरी ८, नवा फरक ५, गुणाकार ३७.५, बेरीज ४२. १६ आला, जुना फरक ८, नवी सरासरी १०, नवा फरक ६, गुणाकार ४८, बेरीज ९०. तीनने भागले की ३०. प्रत्येक आकड्यात १०० कोटी मिळवले तरी फरक हेच राहतात, त्यामुळे उत्तरही ३० च येते.

तीन संख्यांना ६४ बिटमध्ये २४ बाइट लागतात. आकडे चार असोत वा चारशे कोटी, मेमरी तेवढीच. किंमत मोजावी लागते ती वेळेची, कारण प्रत्येक आकड्यामागे एक भागाकार करावा लागतो आणि संगणकाला भागाकार हा बेरजेपेक्षा संथ पडतो.

माहिती अनेक संगणकांवर विखुरलेली असेल तर?

मोठ्या कंपन्यांची माहिती एका यंत्रात मावत नाही. टोनी चॅन, जीन गोलब आणि रँडल लेव्हेक या गणितज्ञांनी दाखवून दिले की दोन तुकड्यांच्या तीन-तीन संख्या जोडून संपूर्ण माहितीची उत्तरे काढता येतात. व्हेरियन्सच्या पद्धतींची तुलना करणारा त्यांचा १९८३ मधील लेख आजही प्रमाण मानला जातो. दोन्ही तुकड्यांच्या फरकवर्गांची बेरीज घ्यायची आणि दोन सरासरींमधील फरकाच्या वर्गावर आधारित एक भर त्यात घालायची. ‘अपाचे स्पार्क’सारख्या प्रणाली याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक यंत्र आपली लाखो आकड्यांची यादी न पाठवता फक्त तीन संख्या पाठवते.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. संगणकावर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. एकावर १६ शून्ये या संख्येत १ मिळवून पुन्हा तीच संख्या वजा केली, तर ६४ बिटमध्ये उत्तर ० येते. आधी वजाबाकी केली तर उत्तर १ येते. त्यामुळे एकच हिशेब दोन वेळा चालवल्यावर यंत्रांनी वेगळ्या क्रमाने तुकडे जोडले, तर उत्तरे शेवटच्या एक-दोन अंकांत वेगळी दिसू शकतात.

मध्यक काढणे जास्त अवघड का?

सरासरी चालता चालता काढता येते, मध्यक नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला निवडायचा तर सगळे आकडे हाताशी हवेत. एकाच फेरीत, थोड्या जागेत अचूक मध्यक सर्वसाधारणपणे काढता येत नाही, हे मन्रो आणि पॅटरसन यांनी १९८० मध्ये सिद्ध केले. म्हणून इथे अचूकता आणि मेमरी यांचा सौदा उघडपणे करावा लागतो.

आकडे मोजक्याच पातळ्यांचे असतील तर काम सोपे होते. आठ बिटच्या छायाचित्रात प्रत्येक बिंदू ० ते २५५ यांपैकीच असतो. २५६ डबे करून कोणत्या डब्यात किती आले एवढेच मोजले, तर मध्यक अगदी अचूक मिळतो. दशांशातील आकड्यांसाठी दुसरी युक्ती आहे. मध्यक हा सरासरीपासून एका प्रमाण विचलनापेक्षा दूर कधीच नसतो. तेव्हा पहिल्या फेरीत वेलफर्ड पद्धतीने दोन्ही काढायचे, त्यातील पट्ट्याचे १,००० डबे करायचे आणि दुसऱ्या फेरीत मोजायचे. मिळणारा मध्यक जास्तीत जास्त प्रमाण विचलनाच्या हजाराव्या भागाइतका चुकतो. दुसरी फेरी शक्यच नसेल तर राज जैन आणि इम्रिच क्लामटाक यांची १९८५ मधील पद्धत फक्त पाच खुणा ठेवून मध्यकाचा अंदाज देते.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत हा प्रश्न रोजचा आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील अत्यंत क्षीण लहरी टिपतात. विजेच्या तारांतून किंवा मोबाइलसारख्या उपकरणांतून येणारा गोंगाट त्यात मिसळतो. असा एखादा मोठा झटका आला की सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही फुगतात आणि गोंगाट ओळखण्याची फूटपट्टीच बिघडते. मध्यक मात्र जागचा फारसा हलत नाही. म्हणून तेथील अभियंत्यांनी मध्यकापासूनच्या फरकांचा मध्यक या मापावर आधारित गाळणी विकसित केली आहे आणि ती माहिती येत असतानाच काम करते.

‘आज किती वेगवेगळ्या लोकांनी ॲप उघडले?’ या प्रश्नाचेही असेच आहे. अचूक उत्तरासाठी सगळे ओळखक्रमांक जपून ठेवावे लागतील. फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली ‘हायपरलॉगलॉग’ ही पद्धत अंदाज देते. रेडिस या डेटाबेसमध्ये ती जास्तीत जास्त १२ केबी जागा घेते आणि साधारण ०.८१ टक्के त्रुटीने उत्तर सांगते.

एआयमुळे हा प्रश्न पुन्हा का चर्चेत आला?

एआय मॉडेल फोनमध्ये बसवायचे किंवा स्वस्तात चालवायचे तर मेमरी कमी करावी लागते. त्यासाठी ३२ ऐवजी १६ बिट, काही ठिकाणी आठ बिटच्या संख्या वापरल्या जातात. मेमरी निम्मी होते, पण तोल सांभाळणे कठीण होते. १६ बिटच्या एका प्रकारात २०४८ अधिक १ हे २०४८ च राहते. एआयमध्ये रुळलेल्या ‘बीफ्लोट १६’ या दुसऱ्या प्रकारात तर २५६ मध्ये १ मिळवला तरी २५६ च राहतात. पहिल्या प्रकारात सर्वांत मोठी संख्या ६५,५०४ आहे. म्हणजे ३०० चा वर्ग, ९०,०००, त्यात मावतच नाही आणि उत्तर ‘अनंत’ येते.

या मॉडेलच्या थराथरांत सरासरी आणि व्हेरियन्स सतत काढावे लागतात. त्यामुळे साठवण १६ बिटची, पण बेरीज ३२ बिटमध्ये, असा मधला मार्ग सर्रास काढला जातो. नमपायही १६ बिटच्या आकड्यांची सरासरी काढताना आतून ३२ बिट वापरते.

वापरणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

बहुतांश लोकांच्या एक्सेल शीटमध्ये आकडे काही हजार आणि साठवण ६४ बिटची असते. तिथे चिंतेचे कारण नाही. विद्यार्थी, संशोधक आणि डेटावर काम करणाऱ्यांनी मात्र पुढील गोष्टी तपासाव्यात :

– व्हेरियन्सचे सूत्र हाताने लिहू नये. लायब्ररीतील तयार फंक्शन वापरावे. लिहावेच लागले तर वेलफर्ड पद्धत घ्यावी.

– आकडे खूप मोठे आणि फरक लहान असेल तर आधी सगळ्यांतून एक सोयीची संख्या, उदाहरणार्थ पहिलाच आकडा, वजा करावा. व्हेरियन्स बदलत नाही, चूक मात्र टळते.

– आकडे ३२ बिटमध्ये असतील तर बेरीज आणि सरासरी ६४ बिटमध्ये काढण्याचा पर्याय निवडावा. त्याला मेमरी लागत नाही.

– फाइल रॅमच्या निम्म्याहून मोठी असेल तर ती तुकड्यांत वाचावी आणि प्रत्येक तुकड्याची संख्या, सरासरी व फरकवर्गांची बेरीज जोडावी.

– पैशांच्या हिशेबात दशांशासाठी बनवलेला प्रकार वापरावा किंवा रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवावी. मधल्या पायऱ्यांवर आकडे कापू नयेत.

– मेमरी आणि वेळेची चिंता नसेल तर पायथनमधील ‘स्टॅटिस्टिक्स’ हे मोड्यूल वापरावे. २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आलेले हे मोड्यूल आतून अपूर्णांकांत हिशेब करते. ते संथ आहे, पण गळती होत नाही.

– नवा प्रोग्रॅम लिहिल्यावर उत्तर माहीत असलेले आकडे देऊन पाहावे. ४, ७, १३, १६ मध्ये १०० कोटी मिळवून ३० येते का, ही चाचणी एका मिनिटात होते.

व्हँकुव्हरमध्ये प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नाही. तो रोज तीन दशांशांपर्यंतचे, नीटनेटके दिसणारे उत्तर देत राहिला. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी चूक लाल अक्षरांत दिसत नाही, म्हणून ती शोधण्यासाठी मुद्दाम तपासणी करावी लागते.